बीजिंग-शांघाय : उड्डाण दोन तासांचे, प्रवास पाच तासांचा

चीनची राजकीय राजधानी बीजिंग आणि आर्थिक राजधानी मानले जाणारे शांघाय या दोन शहरांमधील हवाई अंतर सुमारे १,१०० किलोमीटर आहे. मुंबई-दिल्ली अंतराहून ते किंचित कमी. प्रवासी जेट विमान ताशी ८०० किलोमीटरहून अधिक वेगाने उडते. त्या हिशेबाने हा प्रवास सव्वा तासात उरकायला हवा. प्रत्यक्षात विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात त्यासाठी सव्वादोन तासांच्या आसपासचा वेळ दिलेला असतो.

ही तफावत समजून घेण्यासाठी वेळापत्रकातील वेळ कशी मोजतात, हे पाहावे लागेल. विमान थांब्यावरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावरील थांब्यावर उभे राहीपर्यंतचा हा वेळ असतो. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, उड्डाणासाठीची रांग, उंची गाठताना आणि उतरताना कमी असणारा वेग हे सारे त्यात येते. शिवाय चीनच्या आकाशाचा मोठा भाग लष्कराच्या नियंत्रणाखाली असल्याने नागरी विमानांना ठराविक अरुंद मार्गांनीच जावे लागते. वादळ आले की वळसा घालायला जागा उरत नाही आणि विमाने जमिनीवरच खोळंबतात. हा संभाव्य विलंब गृहीत धरूनच कंपन्या वेळापत्रक सैल ठेवतात.

वाऱ्याचा परिणाम या मार्गावर फारसा जाणवत नाही, कारण तो बव्हंशी उत्तर-दक्षिण आहे. बीजिंगहून पश्चिमेकडील उरुम्चीला जाताना मात्र समोरून वाहणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांमुळे परतीच्या तुलनेत बराच अधिक वेळ लागतो. (सुमारे २,४०० किलोमीटर दूर असूनही उरुम्चीत अधिकृत घड्याळ बीजिंगचेच चालते!)

विमानाला खरे आव्हान मिळाले ते जमिनीवरून. ३० जून २०११ रोजी १,३१८ किलोमीटर लांबीचा बीजिंग-शांघाय अतिजलद रेल्वेमार्ग सुरू झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये वेन्झोजवळ दुसऱ्या एका मार्गावर झालेल्या भीषण अपघातानंतर देशभरातील अतिजलद गाड्यांचा वेग घटविण्यात आला. या मार्गावर ताशी ३५० किलोमीटरचा वेग सप्टेंबर २०१७ मध्ये आला. आता सर्वांत वेगवान गाडी ४ तास १८ मिनिटांत पोहोचते. जवळपास तेवढ्याच, म्हणजे सुमारे १,३८५ किलोमीटरच्या मुंबई-दिल्ली मार्गावर राजधानी एक्स्प्रेसला साडेपंधरा तासांच्या आसपास लागतात.

विमानतळ गाठण्यासाठी पाऊण तास, तपासणीसाठी सव्वा तास, उड्डाणाचे सव्वादोन तास आणि उतरल्यावर शहरात जाण्यासाठी आणखी पाऊण तास धरला, तर विमानप्रवाशाचेही पाच तास सहज खर्ची पडतात. त्यात रेल्वेचा वक्तशीरपणा जमेस धरता मध्यवर्ती भागात काम असणाऱ्यांना गाडीच सोयीची ठरते. परदेशातून येऊन पुढचे विमान पकडणाऱ्यांसाठी अर्थातच हे गणित वेगळे आहे.

अशा प्रवाशांनी तिकिटावरील विमानतळाचे नाव नीट वाचलेले बरे. दोन्ही शहरांत दोन-दोन मोठे विमानतळ आहेत. बीजिंगचा कॅपिटल विमानतळ ईशान्येला, तर २०१९ मध्ये सुरू झालेला दाशिंग तिआनआनमेन चौकापासून सुमारे ४६ किलोमीटर दक्षिणेला आहे. शांघायमध्ये होंगछियाओ विमानतळ अतिजलद रेल्वेस्थानकाला लागून, पश्चिमेस. पुडोंग मात्र थेट पूर्व टोकाला. या दोहोंमधील मेट्रोप्रवासाला दीड तासाहून अधिक वेळ लागे. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या विमानतळ जोडरेल्वेने तो सुमारे ४० मिनिटांवर आणला आहे.