पऱ्हाटीच्या गावातून अर्थव्यवस्थेचं उत्तर

2012 साली राज्यसेवा मुख्य परीक्षेतले सामान्य अध्ययनाचे पेपर बहुपर्यायी झाले आणि अर्थव्यवस्थेवरचं दीर्घोत्तर अभ्यासिकांतून गेलं. शेती, उद्योग, सेवा यांचे वाटे पाठ असले की भागायचं. 2022 मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने वर्णनात्मक पद्धत जाहीर केली. 2023 च्या सुरुवातीला पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, अंमलबजावणी 2025 वर गेली. तयारीला वेळ मिळावा ही त्यांची मागणी रास्तच होती. पण अमरावती जिल्ह्यातल्या कौंडण्यपूर, तिवसा भागातल्या पोरांना या बदलात फायदाच आहे, असं मला मनापासून वाटतं.

कारण आता ‘का’ लिहावं लागतं. 1950-51 मध्ये देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा निम्म्याच्या आसपास होता, आज तो पाचव्या हिश्श्याहून कमी आहे. माणसं मात्र शेतातून त्या वेगाने निघाली नाहीत. कॉलिन क्लार्कने 1940 मध्ये मांडलेला शेतीकडून कारखान्याकडे आणि पुढे सेवांकडे जाणारा क्रम नोट्समध्ये सरळ दिसतो. पण आपल्याकडे 2018-19 ला शेतीत 42.5 टक्के कामगार होते, 2020-21 ला 46.5 झाले. टाळेबंदीत शहरातून परतलेली माणसं त्यात आहेत. 2023-24 लाही आकडा 46.1 होता.

हा क्रम सरळ चालत नाही, हे वर्धेकाठच्या कास्तकाराला कोणी शिकवायला नको. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला भाव आला, रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंग उभी राहिली. गाठी बांधल्या इथे, सूत आणि कापड बहुतेक दुसरीकडेच झालं. दुसरं क्षेत्र, म्हणजे उद्योग, वऱ्हाडात आलं ते असं अर्धवट. 1972 च्या एकाधिकार खरेदीने कापसाला सरकारी गिऱ्हाईक दिलं, पण चुकाऱ्याची वाट पाहणं संपलं नाही. आता नांदगाव पेठच्या वस्त्रोद्योगाकडे आणि अमरावतीला मंजूर झालेल्या पीएम मित्र पार्ककडे डोळे आहेत.

सेवाक्षेत्र म्हटलं की मुलं बंगळूर लिहितात. पण रुक्मिणीचं माहेर मानल्या जाणाऱ्या कौंडण्यपुरात कार्तिकात यात्रा भरते. तिथला चहावाला, पाळणेवाला, ऑटोवाला हेही सेवाक्षेत्रच, फक्त पगार, रजा, विमा यांच्याशिवायचं. देशातल्या सेवांचा मोठा भाग असाच आहे, आणि हे उत्तरात आलंच पाहिजे. वेचणीला शेतात, हंगामात जिनिंगवर आणि यात्रेत ठेल्यावर उभा राहणारा एकच माणूस कोणत्या क्षेत्रात मोजायचा, इथपर्यंत उत्तर गेलं तर तपासणारा थांबून वाचेल.