पाठीमागचा वारा

येलदरीच्या धरणाहून मोठं पाणी आम्हा परभणीकरांच्या रोजच्या पाहण्यात नाही. कवितेत मात्र मी तीस वर्षं बेधडक शिडं उभारत आलो. मुंबईच्या भाच्याला याचं हसू येई. एका जानेवारीत त्यानं मला लहानशा शिडाच्या होडीत बसवलंच. दुपारी गेटवेहून मांडव्याकडे निघालो. वारा वायव्येचा, आम्ही दक्षिणेकडे. म्हणजे वारा पाठीमागून, जरासा तिरका.

"मामू, आता स्पिनेकर लावू," तो म्हणाला.

स्पिनेकर म्हणजे पातळ नायलॉनचं, फुग्यासारखं फुगणारं रंगीत शीड. चौरस मीटरला चाळीसेक ग्रॅम वजन. शर्यतीच्या होड्यांवर ते ताणायला बऱ्याचदा वेगळी काठी लागते. सहलीच्या होडीवरचं बिनकाठीचं असतं. आमच्याकडे तुराबुल हकसाहेबांच्या उरुसात चादर धरून चालताना वारा आला की ती मधोमध फुगते आणि हातातलं टोक ओढ घेतं. तसंच हे, फक्त टोकं तीन. एक डोलकाठीच्या माथ्याला, दुसरं होडीच्या नाकाशी, तिसऱ्याची दोरी माझ्या हातात. शिडाची पुढची कड किंचित मुडपेपर्यंत दोरी सोडायची, मग वीतभर ओढायची. कड पुन्हा मुडपली की पुन्हा ओढायची. एवढंच काम.

होडी अशी सुटली की विचारू नका. पण अंगाला वारा लागेना. मला वाटलं, वारा पडला.

गंमत इथंच आहे, आणि धोकाही. समजा वारा ताशी बावीस किलोमीटरचा आणि होडी ताशी नऊनं त्याच्याच दिशेनं पळते आहे. अंगाला उरतो तेराचा. तोच वारा समोरून घेतला, तर होडीचा वेग तेवढाच धरून, एकतीसचा. शिडावरचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे पाचपटीहून जास्त. वारा वाढलेला नसतो, आपण फक्त तोंड फिरवलेलं असतं. म्हणून स्पिनेकर वर असताना झोत आला, तर होडी वाऱ्याकडे वळू द्यायची नाही. उलट त्याला आणखी पाठ द्यायची आणि दोरी सोडायची. नाहीतर होडी आडवी होते.

भाच्यानं बजावलं होतं, दोरी हाताला गुंडाळू नका. कवी माणूस, घट्ट धरावी म्हणून मी एक वेढा घेतलाच. झोत आला, होडी कलली, तो ओरडला, "सोडा, मामू!" सुटेना. तळहात सोलत दोरी निघाली तेव्हा होडी सरळ झाली.

मग त्यानं उतरवायची रीत दाखवली. होडी वाऱ्याला पूर्ण पाठ देऊन मोठ्या शिडाच्या आडोशाला स्पिनेकर आणायचं. दोरी सैल करायची. मग माथ्यावर गोळा करून ठेवलेली लांब कापडी नळी, पायमोजा चढवावा तशी, वरून खाली ओढत आणायची. शीड तिच्यात मिटून जातं. हे झोत यायच्या आधी करायचं असतं. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. एकट्यानं सुकाणूही पाहायचं आणि शिडंही उतरवायची, हे त्या दिवशी मला जरा कळलं.

परतताना वारा समोरून होता. तोच वारा. मफलर गुंडाळूनही हुडहुडी भरली. तळहातावरची लाल रेघ आठवडाभर राहिली. पेन धरताना दुखायची.