हुक, पट्टा आणि दुसरा दोर

निर्मळ, गास, भुईगाव, आगाशी. वसईच्या या वाड्यांमध्ये मोठं झाड सरळ आडवं करायला जागाच नसते. एका अंगाला घर, दुसऱ्या अंगाला विहीर, वर महावितरणच्या तारा. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलं. अशा वाऱ्यापावसानंतर कललेल्या वर्षावृक्षासाठी किंवा गुलमोहरासाठी क्रेन बोलावतात. झाड पाडायचं नाही, शेंड्यापासून एकेक तुकडा कापून उचलायचा, अशी ही रीत.

आपल्याकडे आधी येते ती हायड्रा. पण ती मुळात माल उचलून हलवणारी क्रेन. बहुतेक हायड्रांना बाजूला टेकवायचे पाय नसतात आणि ‘१४ टन’ ही ताकद बूम, म्हणजे क्रेनचा हात, आखूड आणि ओझं जवळ असतानाची. बूम लांबली की ती झपाट्याने घटते. पाय टेकवणारी ट्रक-क्रेन केव्हाही बरी. तिच्या पायांखाली जाड फळ्या हव्यात. रेताड जमीन, बावखलाचा (वाडीतल्या तळ्याचा) काठ, सेप्टिक टाकीचं झाकण, यांवर तिला उभी करू नये.

मग वजनाचा हिशेब. ६० सेंटिमीटर व्यासाचा, ३ मीटर लांबीचा ओंडका म्हणजे ०.८५ घनमीटर. ओलं लाकूड घनमीटरला टनभर धरलं, तर साडेआठशे किलो. ओंडका हुकाला लटकवणारे दोन पट्टे उभे असतील तर प्रत्येकावर निम्मा भार येतो. ते पसरून आडव्याशी ३० अंशांवर आले की प्रत्येक पट्टा अख्ख्या ओंडक्याएवढा ताण सोसतो.

कापायचा क्षण सगळ्यात नाजूक. चढणारा तुकड्याच्या तोलाच्या वर पट्टा बांधतो, कापाच्या खाली उतरतो आणि खोडाला दोन ठिकाणी अडकतो: एक चढायचा दोर, दुसरा पोलादी तार असलेला आखूड दोर. साखळी-करवत साधा दोर क्षणात तोडते, म्हणून ही तार. क्रेन तुकड्याच्या वजनाइतकाच ताण घेते. जास्त ताणलं तर तुकडा उसळतो, लाकूड चिरतं. कमी पडलं तर खाली बसून झटका देतो. खुणा एकच माणूस करतो. ‘थांब’ मात्र कुणीही म्हणावं. उचलल्या जाणाऱ्या तुकड्याला माणसाचा दोर कधीच अडकलेला नसावा. पोखरलेल्या किंवा मुळं उपटलेल्या झाडावर तर चढूच नये. तिथे बास्केट लिफ्ट आणावी.

माडाच्या खाचांत पाय रोवून माडी काढणाऱ्या भंडारी समाजाचं कसब या किनाऱ्यावर जुनं आहे. त्याच किनाऱ्यावर रोजंदारीचा माणूस कमरेला नायलॉनचा दोर गुंडाळून करवत घेऊन चढतो, हे मला सहन होत नाही. पूर्ण शरीराचा हार्नेस, हेल्मेट, दुसरा दोर हा ठेकेदाराचा खर्च आहे. शहरी झाडं तोडायला १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते; त्याच अर्जात चढणाऱ्याच्या साधनांचाही रकाना हवा.

फांद्या उतरल्या की सगळे सैलावतात. पण बुंधा उरलेला असतो, सगळ्यात जाड आणि जड. तो जमिनीवर उभं राहून कापतात, आणि त्याआधी व्यास, लांबी, वजन, क्रेनपासूनचं अंतर पुन्हा मोजतात.