जुना संगणक आणि ‘शहाणे’ दिवे

१४ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे कित्येक घरांतले धडधाकट संगणक एका रात्रीत ‘जुने’ ठरले. दिवाळीच्या साफसफाईत ते अडगळीत जाण्याआधी थोडा विचार करायला हवा.

संगणक मंदावतो तो बहुधा तीन कारणांनी: फिरती जुनी हार्ड डिस्क, अपुरी रॅम आणि आपल्या कुवेतची धूळ. पंखा साफ करून एसएसडी बसवली आणि रॅम वाढवली, की तेच यंत्र पुन्हा तरतरीत होते. हवल्लीच्या इब्न खल्दून रस्त्यावर ही कामे करणारी दुकाने आहेत. पुढे लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घालता येते. तिला ४ जीबी रॅम पुरते. मराठी टंकलेखन, मुलांचा अभ्यास, आजी-आजोबांशी व्हिडिओवर गप्पा, सगळे त्यावर होते. विंडोजच हवे असेल, तर नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अद्यतने मिळू शकतात. मात्र बॅटरी फुगलेली असेल, तर ती आधी काढून घ्यावी.

एकीकडे चालता संगणक बाहेर जातो आणि दुसरीकडे घरात ‘स्मार्ट’ दिवे येतात. रंग बदलतात, हाक मारली की लागतात, मुले खूश. पण कोणी सवयीने भिंतीवरचे बटण बंद केले, की मोबाइलवरून तो दिवा लागत नाही. पाहुण्यांना आणि भारतातून आलेल्या सासूबाईंना हे समजावणे वेगळेच! जून २०२४ मध्ये कुवेतमध्ये ठरवून वीजकपात झाली. अशा वेळी वीज परतली, की असे बरेच दिवे आपोआप पूर्ण उजेडाने लागतात, मग दुपार असो की मध्यरात्र.

थोडे गणितही करू. ९ वॅटचा दिवा रोज ५ तास लावला, तर ४५ वॅट-तास वीज लागते. उरलेले १९ तास तो नुसता हुकमाची वाट पाहत अर्धा वॅट घेत असेल, तर आणखी साडेनऊ. म्हणजे न लावताच पाचव्या हिश्शाहून जास्त!

खरा धोका पुढे आहे. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले आणि ग्राहकांची ॲपवरून चालणारी व्यवस्था कोलमडली. बेल्किनने वेमोच्या बहुतेक उपकरणांचा आधार ३१ जानेवारी २०२६ ला थांबवण्याचे जाहीर केले होते. संगणकाचे दुखणे तेच दिव्यांचे: वस्तू शाबूत, पण कंपनीची मुदत संपलेली. फरक इतकाच, की संगणकात आपण दुसरी प्रणाली घालू शकतो. दिव्यात सहसा ते जमत नाही.

म्हणून खरेदी करताना दुकानदाराला एकच विचारावे: इंटरनेट नसताना हे चालेल का? आकाशकंदिलाला साधा एलईडी आणि प्लगमध्ये बसणारा यांत्रिक टायमर पुरेसा आहे.

आणि तो जुना लॅपटॉप? घरात नकोच असेल, तर त्यातली माहिती कायमची पुसून एखाद्या विद्यार्थ्याला द्यावा. सुट्टीत भारतात जाताना १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप विनाशुल्क नेता येतो. गावाकडच्या एखाद्या भाचीला यंदाची भाऊबीज म्हणून तो नक्की आवडेल.