लपवणारे रंग

स्पिटफायर हे इंग्लंडचे लढाऊ विमान. १९४० साली ते जर्मन विमानांशी झुंजले. त्याच्या पाठीवर तपकिरी व हिरवे पट्टे असत. त्यामुळे वरून पाहणाऱ्या शत्रूला ते शेतांत मिसळून गेल्यासारखे वाटे. पोट फिकट होते; खालून ते आभाळात मिसळे. असा रंग वैमानिकाचा जीव राखायला मदत करी.

आपण या विमानाची ७२ पट लहान प्रतिकृती करू. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ती जेमतेम सहा इंच भरते. आधी भाग जोडू, सांधे घासून सारखे करू. रंगाला एअरब्रश घेऊ. हवेच्या जोराने तो रंगाचा बारीक फवारा मारतो. रंग दुधासारखा पातळ करू. प्रथम पोट रंगवू. वाळले की ते झाकू. मग पाठीला तपकिरी, शेवटी हिरवा. थर पातळच हवा. जाड थराखाली पत्र्याच्या सांध्यांच्या रेघा बुजतात.