बाज आत कधी घ्यायची?

कोजागरी होऊन गेली की लातूर-नांदेडकडच्या गावांत रोज रात्री एक प्रश्न नव्याने पडतो. आज बाज अंगणातच राहू द्यायची, की आत घ्यायची? संध्याकाळी घरात बसवत नाही इतकं उकडतं, आणि पहाटे वाकळ गळ्यापर्यंत ओढली तरी पाय गारठतात. घर गरम करायचं यंत्र आमच्या गावांतून कधी नव्हतं. आमचा हिवाळा सुरू होतो तो बाज हलवण्यापासून. म्हातारी माणसं हे सगळं नुसत्या अंदाजाने ठरवतात असं मला लहानपणी वाटायचं. पुढे उष्णतेबद्दल थोडं वाचलं, आणि त्या अंदाजाच्या पोटात काय काय आहे ते कळल्यावर चकित झालो.

आधी लिंबाचं झाड घ्या. बाज लिंबाखाली असली तर सकाळी वाकळ कोरडी असते. तीच बाज चार हात पुढे, उघड्यावर ओढली तर वाकळ दहिवराने ओली. हवा दोन्हीकडे सारखीच, वाराही तोच. मग फरक कशाचा? वर काय दिसतं त्याचा. आपलं अंग, वाकळ, अंगणातली माती, प्रत्येक वस्तू डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपाने उष्णता सतत बाहेर टाकत असते. लिंबाची पानं हवेइतकीच ऊबदार असतात, म्हणून वाकळ जेवढं देते जवळपास तेवढंच ती परत पाठवतात. निरभ्र, कोरडं आभाळ फार थोडं परत करतं. वाकळीच्या दृष्टीने ते हवेपेक्षा वीसेक अंशांनी थंड असलेलं छत आहे! रात्रभर त्या छताला ऊब देता देता वाकळीचा वरचा थर हवेपेक्षाही थंड होतो आणि त्यावर दव धरतं.

पावसाळाभर वाफेने भरलेली हवा आणि ढग हीच आपली गोधडी असते. ऑक्टोबरात मोसमी पाऊस मराठवाड्यातून परततो आणि ती गोधडी अंगावरून निघते. बंगालच्या उपसागरात नोव्हेंबरात एखादं वादळ उठलं आणि नांदेडवर नुसते ढग येऊन थांबले, तरी थंडी पळते. आभाळ उघडलं की दुसऱ्याच पहाटे हुडहुडी. डिसेंबरात नांदेडला दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो आणि पहाटे बारा-तेरावर येतो. शेजारच्या परभणीत तर तो एक आकडी झाल्याची बातमी बहुतेक हिवाळ्यांत पेपरात येते.

आता भिंतीकडे येऊ, कारण मला सगळ्यात जास्त ओढ तिचीच आहे. माळवदाच्या जुन्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या, दोन-तीन फूट रुंद. वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. दुपारच्या उन्हाची ऊब अशा मातीतून फार सावकाश आत शिरते. एक फूट मातीची भिंत असेल, तर दुपारी तीनला बाहेर टेकलेला कडाका आतल्या बाजूला मध्यरात्रीनंतर पोचतो, आणि तोही दहाव्या हिश्श्याहून कमी उरलेला. भिंत दोन फुटांची झाली की दिवस-रात्रीचा चढउतार वाटेतच विरून जातो. आत पोचते ती गेल्या काही दिवसांची सरासरी. म्हणजे दिवाळीतल्या एखाद्या गार पहाटे तुम्ही भिंतीला तळहात लावला, तर हाताला लागते ती मागच्या आठवड्यातली ऊब. बाहेरची थंडी पाच-सहा दिवस टिकली, तरच भिंत तिची दखल घेते.

याच्याशी जुळणारा एक नियम मला रशियात सापडला आणि मी अक्षरशः उठून बसलो. तिथल्या शहरांत घराघरांत ऊब सोडणारी मध्यवर्ती यंत्रणा असते. दिवसाचं सरासरी तापमान सलग पाच दिवस ८ अंशांवर किंवा त्याखाली राहिलं, की ती सुरू करतात. एका थंड रात्रीवर कुणी विश्वास ठेवत नाही, कारण इमारतींनी साठवलेली ऊब अजून संपलेली नसते. तिथे कागदावर होणारी बेरीज इथे माती करत होती. आमच्याकडे दिवसाची सरासरी ८ अंशांवर कधी उतरतच नाही, त्यामुळे तो नियम लावला तर लातूरला हिवाळा आलाच नाही असं म्हणावं लागेल. तो येतो हे पहाटेच्या पायांना विचारा.

पण या भिंतींबद्दल नुसतं कौतुकाने लिहिणं मला जमत नाही. ३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं झोपली होती. किल्लारी-सास्तूरच्या भूकंपात जवळपास आठ हजार माणसं गेली, काही मोजदादींनुसार त्याहूनही जास्त. ऊन-थंडी अडवणारं तेच वजन अंगावर आलं. माळवद गळू नये म्हणून वर्षानुवर्षं माती चढवत गेल्याने छतं आणखी जड झाली होती. कुडाच्या, गवताच्या झोपड्यांत किंवा उघड्यावर झोपलेल्यांना वाचण्याची संधी जास्त मिळाली. त्या वर्षी बाज आत घ्यायची वेळ आली तेव्हा कित्येकांना आत जाववत नव्हतं. घर उभं असूनही लोक बाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये, थंडीत राहिले. त्या हिवाळ्याचं मोजमाप कुठल्याही तापमापीने होणार नाही.

पुढे पुनर्वसनाची घरं झाली, सिमेंटची, पातळ. माणूस त्यात सुरक्षित आहे, आणि ते सगळ्यांत आधी. मात्र या घरांचं घड्याळ वेगळं चालतं. चार-पाच इंचांचा स्लॅब ऊब-गारवा तीनेक तासांतच आत पोचवतो. दुपारचं ऊन ऐन संध्याकाळी छतातून उतरतं, पहाटेचा गारठा सकाळी आठ-नऊला. म्हणून सकाळी नऊ वाजता घरापेक्षा बाहेर बरं वाटतं, आणि म्हातारी माणसं चहाचा कप घेऊन पूर्वेच्या भिंतीला पाठ लावून बसलेली दिसतात. पत्रा तर साठवत काहीच नाही. आभाळाशी त्याचं थेट देणं-घेणं, त्यामुळे पहाटे पत्र्यावरून दवाचे थेंब टपटपतात.

आणि शेकोटी? ती घर तापवत नाही, माणूस तापवते. नवी तूर अजून शेतात उभी असते, म्हणून सुरुवातीच्या शेकोट्यांत गेल्या सालच्या तुराट्या जळतात, नांदेडकडे पऱ्हाटी. ज्वारी हुरड्यात येऊन आगट्या पेटेपर्यंत थंडी पक्की झालेली असते. येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतातल्या कोपीत अंबील पिताना थंडीची कुणी तक्रार करत नाही.

सगळ्यात मोठं नवल मात्र जमिनीखाली आहे. जोसेफ फूरिए हा फ्रेंच गणिती नेपोलियनबरोबर इजिप्तच्या उन्हात राहून आला होता. उष्णता पदार्थातून कशी सरकते याचं गणित त्याने १८२२च्या ग्रंथात मांडलं. तेच गणित वर्षभराच्या ऋतूंना लावलं, तर खाली जाता जाता ऋतू मागे पडत जातो. सात ते नऊ मीटर खोलीवर तो अर्ध्या वर्षाने मागे असतो. वर आपण डिसेंबरात कुडकुडत असतो आणि खाली मे महिन्यातला उन्हाळा नुकताच येऊन पोचलेला असतो! तोवर तो इतका विरलेला असतो की फरक अंशाच्या एखाद्या तुकड्याचाच. त्या खोलीवर उरते ती जवळजवळ साऱ्या वर्षाची सरासरी, आमच्या भागात सव्वीस-सत्तावीस अंशांच्या आसपास.

म्हणून पहाटे मोटार सुरू केली की बोअरच्या पाण्याची पहिली धार हाताला कोमट लागते. बाहेर बारा अंश, पाणी सव्वीस. हौदावर वाफ तरंगते, पोरं त्यात हात बुडवून उभी राहतात आणि आंघोळीला कुणी हाक मारली तरी हात काढत नाहीत.