रुग्णाभ्यंग: मृत्यूची सूचना नव्हे

संस्कार हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. गर्भाधानापासून अंत्येष्टीपर्यंतचे सोळा संस्कार त्याच्या परिचयाचे आहेत. कॅथॉलिक ख्रिस्ती जीवनातही असे सात संस्कार आहेत: बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस या वस्तू नित्याच्याच. परंतु संस्कारात या दृश्य खुणांच्या द्वारे ईश्वराची अदृश्य कृपा लाभते, अशी कॅथॉलिकांची श्रद्धा आहे.

या सातांपैकी रुग्णाभ्यंगाविषयी खुद्द ख्रिस्ती घरांतच मोठा गैरसमज आढळतो. पूर्वी त्यास अंत्याभ्यंग म्हणत. नावातच अंत असल्यामुळे धर्मगुरू तेलाची कुपी घेऊन दारी आले की घरात रडारड सुरू होई. रोगी घाबरेल म्हणून नातलग बोलावणे लांबवीत, आणि धर्मगुरू येत तेव्हा रोग्याची शुद्ध हरपलेली असे. मग त्याला पापनिवेदनही करता येत नसे. ज्याला धीर द्यावयाचा, त्याला तो मिळाल्याचे कळतही नसे.

सन १९६३ मध्ये भोपाळ हे आर्चबिशपांचे पीठ झाले व यूजीन डिसोझा हे तेथील पहिले आर्चबिशप झाले. त्याच वर्षी ४ डिसेंबर रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा आपला ठराव प्रसिद्ध केला. हा संस्कार केवळ मरणोन्मुखासाठी नाही. रोगाने वा वार्धक्याने जिवास धोका निर्माण होऊ लागताच तो घेणे योग्य, असे परिषदेने सांगितले. मातृभाषेच्या वापरासही तिने वाव दिला. पुढे १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी विधी सुटसुटीत केला. पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात व पाय यांना तेल लावीत. आता कपाळ व हात यांनाच लावतात. ऑलिव्हचे तेल दुर्मिळ असेल तेथे दुसरे वनस्पतिजन्य तेलही चालते. रोगी बरा होऊन पुन्हा गंभीर आजारी पडला, तर संस्कार पुन्हा घेता येतो.

हा संस्कार वैद्याची जागा घेत नाही. औषध शरीरासाठी, तर प्रार्थना एकाकी पडलेल्या मनासाठीही. म्हणून रोगी सावध असतानाच, त्याच्या संमतीने, त्याला समजणाऱ्या भाषेत आणि सारे कुटुंब भोवती असताना हा विधी व्हावा, यातच त्याचे खरे सार्थक आहे.